चार हात वात

मोजायची सवय मला भीतीमुळे लागली. अभ्यासामुळे नाही, हे आधीच सांगून टाकते. गणिताच्या पेपरात शून्य मिळालं की आमच्या वर्गात भोपळा मिळाला म्हणतात, आणि मला तो इतक्या वेळा मिळाला की माझं नावच भोपळी पडलं. शाळेतून ते घरी आलं आणि घरचंच झालं. बाबांना तर ते फार गोड वाटायचं.

बाबा विहिरी खोदतात. माती संपून खडक लागला की खडकाला भोकं पाडायची, त्यात दारू ठासायची, वात लावायची आणि उडवून द्यायचा. खाली वात पेटवतो तो एकटा माणूस. पेटवून तो लोखंडी डोलात उभा राहतो, दोर दोनदा हिसकतो, आणि वरचा माणूस यारीचा दांडा फिरवून त्याला ओढून घेतो. यारी म्हणजे काठावर रोवलेला खांब, त्याला चाक, चाकावर दोर. बाबा आणि मरण यांच्यामध्ये एवढंच सामान.

मी सहा वर्षांची असल्यापासून काठापासून लांब, दगडमातीच्या ढिगाऱ्यामागे बसून मोजते. पहिली वात पेटवताच खालून बाबांची आरोळी यायची, "पेटलीऽऽ!" की माझं एक. पुढे दोन आकडे ध्यानात ठेवायचे. बाबांचे पाय काठाला लागले तो पहिला. धडाम झालं तो दुसरा. काका यारीवर असायचे तेव्हा पाय शंभराला लागायचे आणि धडाम व्हायचं एकशे नव्वदला. मधे नव्वद उरायचे. नव्वदात बाबा ढिगाऱ्यामागे यायचे, तंबाखू मळायचे, वर मला विचारायचे, "काय भोपळे, भूक लागली का?" नव्वद म्हणजे चैन होती.

त्या उन्हाळ्यात काका गेले.

मळेवाल्याच्या विहिरीचं काम चालू होतं. जमिनीतलं पाणी खोल गेलेलं, बागेची पानं कडेनं करपायला लागलेली. काका म्हणाले, आता हातानं खोदायचे दिवस गेले, बोअरची गाडी एका दिवसात तळ गाठते. बाबा म्हणाले, "जमिनीला भोक पाडणं म्हणजे विहीर नव्हे." काका म्हणाले, "मग बसा खडक कुरवाळत." दुसऱ्या दिवशी ते बोअरच्या गाडीवर कामाला लागले. जाताना घरातून फक्त स्वतःचा चहाचा कप घेऊन गेले. आईनं कपाच्या जागेकडे बघितलं, पदर खोचला आणि म्हणाली, "दांडा मी फिरवते."

"तुला झेपणार नाही," बाबा म्हणाले.

"लग्नाला सतरा वर्षं झाली. तुम्ही झेपलात, दांडा काय चीज आहे?"

तेव्हापासून काकांची सगळी कामं आईकडे आली. यारीचा दांडा फिरवणं आलं, भेंडोळ्यातून वाती कापणंही आलं. आमच्याकडे वात चार हात कापतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, असे चार. आजोबा चार हात कापायचे, काका चार हात कापायचे, आईनं चार हात कापली. तिचं काम काकांपेक्षा नीट, टोकं अगदी सरळ.

पहिल्या दिवशी आईनं ओढलं तेव्हा पाय एकशे सोळाला लागले. ते ठीक. आई काकांपेक्षा हलकी, तिला वेळ लागणारच. पण धडाम झालं एकशे साठला. बाबा ढिगाऱ्यामागे येऊन टेकले, तंबाखूची पिशवी हातात घेतली, आणि जमीन हादरली. पिशवी निसटून पडली. बाबा हसले. हसणं जरा उशिरा आलं.

मला वाटलं, मीच घाबरून भरभर मोजलं.

दुसऱ्या दिवशी पाय एकशे एकोणीस, धडाम एकशे साठ. विहीर रोज थोडी खोल जाते, मग दोर रोज थोडा लांबतो. तिसऱ्या दिवशी एकशे एकवीस. चौथ्या दिवशी एकशे पंचवीस. उरलेले आकडे चव्वेचाळीस, एक्केचाळीस, एकोणचाळीस, पस्तीस. रात्री अंथरुणात मी तेच आकडे उलटसुलट म्हणायचे. मी पुटपुटायला लागले की बाबा ओरडायचे, "मोजू नकोस गं! तुझं पुटपुटणं आठवलं की खाली माझं लक्ष उडतं." मग मी तोंड मिटून मोजायला शिकले.

शाळेत त्याच महिन्यात गणिताच्या नव्या बाई आल्या. खांद्यावर ओढणी असावी तसा त्यांच्या गळ्यात मोजायचा टेप. पहिल्याच तासाला त्यांचं नाव टेपबाई पडलं. आधीचे सर हौदाला दोन नळ लावायचे, एक भरणारा, एक रिकामा करणारा. मी एकदा विचारलं होतं, "सर, दुसरा नळ बंद का नाही करत?" तर उभी राहिले तास संपेपर्यंत. टेपबाईंनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, "पुस्तकात नसलेला, पण तुम्हाला रोज लागणारा एक आकडा सांगा."

शिंप्याची मुलगी म्हणाली, "अठ्ठावन्न. आमच्या बाबांचा टेप झिजून दोन सेंटीमीटर तुटलाय, म्हणून साठ म्हणजे अठ्ठावन्न." वर्ग हसला. कोणी बसची वेळ सांगितली, कोणी म्हशीचं दूध. माझी पाळी आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पस्तीस."

"कशाचे?"

"जिवाचे, बाई."

कोणी हसलं नाही. बाईंनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि हळूहळू सगळं काढून घेतलं. पाय, धडाम, नव्वद, पस्तीस. मी म्हटलं, "पण बाई, माझं मोजणं भरवशाचं नाही. मी घाबरले की धावते." बाईंनी मनगटावरचं घड्याळ काढलं, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मोज. साठला थांब." मी मोजलं. त्यांनी सगळ्या वर्गासमोर दोनदा टाळ्या वाजवून मला घाबरवून परत मोजायला लावलं. तिसऱ्या वेळी माझ्या कानाशी डबा आपटला. मी साठ म्हटलं आणि बाईंनी घड्याळ वर धरलं.

"साठ सेकंद. तिन्ही वेळा. एका सेकंदाचाही फरक नाही. पोरी, तुझं मोजणं चुकत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मला गणितात कोणी बरोबर म्हटलं होतं. कान गरम झाले. मला बाकावर चढून नाचावंसं वाटलं. जागेवर जाऊन बसेपर्यंत मात्र नाचायचं राहूनच गेलं. कारण माझं मोजणं चुकत नसेल, तर धडाम खरंच एकशे साठला होत होतं.

बाईंनी त्या दिवशी गृहपाठ दिला. घरातल्या प्रत्येकाचा हात मोजून आणा, कोपर ते मधलं बोट. एक टेप मला दिला. घड्याळही दिलं, "दोन दिवसांनी परत कर," म्हणाल्या.

संध्याकाळी मी टेप घेऊन मागे लागले. बाबांनी हात पुढे केला. काळा, भेगाळलेला, नखाखाली कायमची भुकटी. सत्तेचाळीस सेंटीमीटर. "काकांचा किती असेल हो?"

"तेवढाच. लहानपणी आम्ही एकमेकांचे सदरे घालायचो," बाबा म्हणाले. काकांचं नाव त्यांनी बऱ्याच दिवसांनी काढलं होतं.

आईचा हात मोजताना तिनं तोंड फिरवलं. तळव्याला फोड येऊन फुटले होते, त्यावर तिनं चिंधी गुंडाळलेली. "शाळेत हे दाखवायचं नाही हं," म्हणाली.

"आई, फक्त लांबी लिहायचीय."

"मग लिही."

चाळीस.

तेवढ्यात मळेवाला दारात आला. बाबांपेक्षा वयानं लहान, तरी बाबांना अरेतुरे करतो. आत न येताच म्हणाला, "चार भोकांनी काय होतंय? काळा खडक लागलाय. उद्या सात मार. शनिवारपर्यंत पाणी दिसलं नाही तर मी बोअरची गाडी लावतो. तुझा भाऊच येईल बघ घेऊन."

बाबांनी मान डोलावली. आईनं चिंधीचा हात पाठीमागे नेला.

दुसऱ्या दिवशी शेवटचा तास गणिताचा होता. सगळ्यांचे हात फळ्यावर आले, लहानमोठे, तीस ते एकोणपन्नास. बाई म्हणाल्या, "बघा, एकच शब्द, हात. पण प्रत्येक घरात चार-पाच मापांचा. आता कोणी मला सांगेल, असं माप कुठे चालतं आणि कुठे घात करतं?"

शिंप्याची मुलगी म्हणाली, "सदऱ्यात घात करतं."

मी वहीत सहज लिहीत होते. सत्तेचाळीस गुणिले चार, एकशे अठ्ठ्याऐंशी. चाळीस गुणिले चार.

एकशे साठ.

पेन्सिल थांबली. काकांच्या वेळी एकशे अठ्ठ्याऐंशी सेंटीमीटर, धडाम साधारण एकशे नव्वदला. आईच्या वेळी एकशे साठ सेंटीमीटर, धडाम एकशे साठला. वात सेंटीमीटरला एक सेकंद जळत होती आणि आई प्रत्येक हाताला सात सेंटीमीटर कमी कापत होती. चार हात ते चारच हात, पण आईचे.

मग सात भोकं आठवली. एक वात पेटवायला बाबांना दहा आकडे लागतात. तीन वाती जास्त म्हणजे तीस. आज दोर आणखी लांब, तर पाय एकशे अठ्ठाविसाला, अधिक तीस. एकशे अठ्ठावन्न. उरले दोन. आणि ढिगाऱ्यामागे पोचायला धावत बारा लागतात.

मी उत्तर दोनदा तपासलं. जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, भोपळा मिळू दे. चुकू दे.

"बाई, मी जाऊ?" मी म्हटलं, आणि परवानगी येण्याआधी दाराबाहेर होते.

शाळेपासून मळा अर्धा तास. मी किती वेळात गेले ते मोजलं नाही, एवढ्यावरून समजा. वाळलेल्या बांधावरून पळताना दोनदा पडले. गुडघा फुटला. दर पावलाला वाटे, आता जमीन हादरेल.

काठावर आई बसली होती. तिच्या पुढ्यात सात वाती नीट ओळीत, टोकं सरळ. अजून वरच होत्या. मला रडूच आलं. बाबा तळाशी भोकं साफ करत होते, पहारेचा आवाज येत होता, टण, टण. मळेवाला झाडाखाली खाटेवर.

"आई, त्यांना वर घे!"

"का गं? शाळेत काय झालं? पाय बघ तुझा."

मी उत्तर न देता दोराला हात घातला आणि तीनदा हिसकला. तीन म्हणजे संकट. खालचा आवाज थांबला. आईनं घाबरून दांडा धरला. बाबा वर आले ते भुकटीनं पांढरे, डोळे तेवढे लाल. "कोण पडलं?"

"कोणी नाही. बाबा, वाती आखूड आहेत."

मी धापा टाकत सगळं सांगितलं. सत्तेचाळीस, चाळीस, एकशे साठ, उरले दोन. सांगताना मला ऐकू येत होतं की ते किती पोरकट वाटतंय. मळेवाला उठून आला होता.

"वा! म्हणजे पोरीच्या गृहपाठासाठी काम थांबलं होय? अरे, ही तीच ना, भोपळेवाली?"

बाबांची मान खाली गेली. माझ्यामुळे गेली. "चार हात म्हणजे चार हात," ते मला म्हणाले. "माझ्या बापापासून चालत आलंय. घरी जा."

"पण कोणाचे चार हात, बाबा?"

"हात हा हात असतो! जा म्हणतो ना!"

त्यांनी सात वाती उचलल्या आणि डोलाकडे वळले. माझ्याकडे फक्त आकडे होते आणि आकड्यांना कोणी विचारत नव्हतं. तेव्हा आई उठली. मळेवाल्यासमोर ती कधी तोंड उघडत नाही, डोक्यावरचा पदरही हलू देत नाही. तिनं दांड्यावरचा हात काढला आणि बाजूला झाली.

"मी नाही फिरवणार."

"काय?"

"पोरगी म्हणते ते खोटं आहे असं मला दिसू दे. मग फिरवते."

मळेवाला म्हणाला, "अरे, बायकोचं चालतं होय तुझ्याकडे?"

आई त्याच्याकडे वळली. "तुम्ही उतरता का खाली? तुमचंही चालू दे."

तो काठापासून मागे सरकला. मला एकदम सुचलं. मी म्हटलं, "बाबा, एक वात वर जाळू. तुम्ही खाली जा, खोटंखोटं पेटवा. सात ठिकाणी वाका, तेवढाच वेळ घ्या, आरोळी द्या. आम्ही खरंखरं ओढतो. दारू तर अजून ठासलेलीच नाही. वात संपायच्या आधी तुम्ही ढिगाऱ्यामागे पोचलात तर मी पुन्हा कधी मोजणार नाही. शप्पथ."

बाबांनी एक वात हातात तोलून पाहिली. मग वाती खाली ठेवल्या. आईनं त्यांच्या खिशातून काडेपेटी काढून घेतली, तसं बघायला गेलं तर गरज नव्हती, पण घेतली. बाबा एक वाळकी काडी हातात घेऊन उतरले.

मी एक वात सपाट दगडावर लांब पसरली. मळेवाल्यानं आपला लायटर काढला. "मी लावतो की. बघू तरी हुशारी."

खाली बाबा ठिपक्याएवढे दिसत होते. "पेटलीऽऽ!"

लायटर चटकन वाजला. वात फुरफुरली. घड्याळ माझ्या मुठीत होतं, पण मी मोजतही होते, मोठ्यानं, कारण आता मला कोणी गप्प करणार नव्हतं. वातीतून धूर पुढे पुढे सरकत होता, मुंगीच्या चालीनं. इतका हळू, की मळेवाला हसला. "ही तर उद्यापर्यंत पुरेल."

बाबा एका भोकाशी वाकले. दुसऱ्या. तिसऱ्या. नीट वाकत होते, खोटेपणा न करता, काडी टेकवून, पेट धरेपर्यंत थांबून. चौथं. पाचवं. सातव्याला माझे सत्तर झाले. बाबा डोलात चढले, दोर दोनदा हिसकला. ऐंशी.

आईनं दांडा फिरवला. तिच्या चिंधीतून रक्त आलं. चाक करकरलं. शंभर. एकशे दहा. मी एका डोळ्यानं वात बघत होते, एका डोळ्यानं विहीर. निम्मी वात काळी झाली होती, निम्म्याहून जास्त. एकशे तीस. बाबांचं डोकं अंधारातून वर येताना दिसायला लागलं, टोपी, मग कपाळ. "ओढ आई!" ती ओढतच होती. तिचे दात आवळलेले, गळ्याच्या शिरा दोरासारख्या. एकशे पन्नास. मळेवाल्याचं हसू गेलं होतं, तोही दांड्याला लागला. एकशे पंचावन्न. बाबांचे खांदे काठाच्या खाली, वीतभर खाली. ते माझ्याकडे बघत होते. मी सत्तावन्न म्हटलं, अठ्ठावन्न म्हटलं.

एकोणसाठला वातीच्या टोकातून फस्स करून ठिणगी उडाली आणि वात विझली.

आई डोळे मिटून दांडा फिरवतच राहिली. एकशे चौसष्टला बाबांचे पाय काठाला लागले. तिथून ढिगारा आणखी बारा. ते डोलातून उतरले नाहीत. तसेच, दोर धरून, दगडावरच्या राखेच्या काळ्या रेघेकडे बघत उभे राहिले.

"मला वाटलं, मीच मंदावलोय," ते शेवटी म्हणाले. "चार दिवस धडाम लवकर येतंय. म्हटलं, वय झालं, पाय उचलत नाहीत. कोणाला सांगायचं?"

आई खाली बसली. "मला वाटलं, माझ्या ओढण्यात जोर नाही. म्हणून तुमचे पाय उशिरा लागतात."

"आणि मला वाटलं, मी भरभर मोजते," मी म्हटलं.

आम्ही तिघांनी तिघांचं ओझं आपापल्या डोक्यावर घेतलं होतं. बाबांनी डोलातून उतरून आईचा चिंधीचा हात धरला आणि स्वतःचा हात शेजारी ठेवला, कोपराला कोपर लावून. आईची बोटं संपली तिथून पुढे बाबांचा हात चार बोटं उरला.

"सांग," बाबा मला म्हणाले. "किती कापायची?"

मला कोणी कधी असं विचारलं नव्हतं. मी वही काढली. गुडघ्यातलं रक्त पानाला लागलं. पाय एकशे चौसष्ट. वर मला माझे नव्वद परत हवे होते, जुने, तंबाखू मळायचे नव्वद. "दोनशे चोपन्न. हात नाही, बाबा. सेंटीमीटर. दोनशे साठच धरा."

"एवढी वात वाया?" मळेवाला म्हणाला. पण आवाजात दम नव्हता. कोणी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

मी टेप धरला, आईनं कापल्या. सात वाती. बाबांनी दारू ठासली तोवर सावल्या लांबल्या, पण उजेड होता. आईनं काडेपेटी परत त्यांच्या खिशात घातली आणि खिसा वरून एकदा दाबला. डोल खाली गेला. दोर सुटत गेला, सुटतच गेला.

भीती गेली असेल असं कोणाला वाटत असेल तर गेली नाही. मी ढिगाऱ्यामागे बसले आणि घड्याळ मुठीत घट्ट धरलं. गणित बरोबर होतं, पण गणितात आईचा हात निसटत नाही, दोर अडकत नाही. खाली एकच माणूस होता आणि तो माझा बाप होता आणि मी सांगितलेल्या आकड्यावर उभा होता. मी सवयीनं ओठ घट्ट मिटून घेतले.

मग खोल, खडकातून यावा तसा, बाबांचा आवाज आला. पेटलीची आरोळी नव्हे. त्याच्या आधीची.

"भोपळेऽऽ! आहेस ना?"

"आहेऽऽ!"

"मोठ्यानं मोज! मला ऐकू आलं पाहिजे!"

यारीपाशी आईनं दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं.

"पेटलीऽऽ!"

मी उभी राहिले, होता नव्हता तेवढा श्वास छातीत घेतला आणि ओरडले, "एक!"